पार्शाच्या डोंगरावरचा रविवार

मार्च अर्ध्यावर आला की एखाद्या दिवशी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत तो वास शिरतो. कोणीतरी पिशवीतून काजूचे बोंडू आणलेले असतात. मेजावर नववीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्यांच्या कडेला वर्तमानपत्रावर मांडलेले ते पिवळे-तांबडे बोंडू, आणि खोलीभर तो वास. त्याला गोड म्हणावं तर तो लगेच आंबूस होतो. नाकाच्या आधी तो घशाला कळतो. यंदाही तो आला, आणि माझ्या हातातलं लाल पेन एका निबंधाच्या समासात तसंच थांबलं.

मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. त्या वासाबरोबर मात्र मी पार्शाला जाते. पार्से हे पेडणे तालुक्यातलं माझं माहेर. गावाच्या पाठीशी डोंगर, डोंगराच्या उतारावर काजू, पायथ्याशी एक झर आणि झरीच्या पाण्यावर जगणारी माडांची नि सुपारीची कुळागरं. लहानपणी या दिवसांत आम्हा मुलांच्या हातात पाटीपेन्सिलीपेक्षा काठीच जास्त असायची, टोकाला खिळा ठोकलेली. खाली पडलेला बोंडू टोचायचा, बाल्दीत टाकायचा. बोटं चिकट, फ्रॉकवर न जाणारे डाग. मळलेल्या बोंडवांतून निथळलेला रस, नीरो, बाबा थंड माठातून काढून द्यायचे. तो पिताना आम्ही एकमेकांकडे बघत हसायचो, कारण सगळ्यांचीच जीभ जड झालेली असायची.

लग्न होऊन मी सुर्ल्याला आले, तेव्हा मार्चचा रंग बदलला. सुर्ला खाणीचं गाव. तिथे या दिवसांत सगळ्यावर तांबडी धूळ असायची, दोरीवरच्या साड्यांवर, तुळशीच्या पानांवर, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर. मातीच्या ट्रकांची रांग सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. माझे यजमान विश्वास खाणीच्या वजनकाट्यावर कामाला. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, पावती फाडायची. आमचं घर त्या ट्रकांवर चालत होतं. त्यामुळे धुळीबद्दल बोलणं म्हणजे आपल्याच ताटाबद्दल बोलणं होतं, आणि ताटाबद्दल कोणी बोलत नाही. मी पडदे ओले करून जनेलांना लावायची. माझी मुलगी रेवा खोकायची तेव्हा तिला अडुळशाचा काढा द्यायची. माझा विरोध तेवढाच.

खरं तर मी ज्यांची मुलगी, त्यांना गप्प बसणं कधी जमलं नाही. बाबा शेतकरी, पण जत्रेच्या नाटकांत राजाची भूमिका ठरलेली त्यांची. आवाज असा, की माईक बंद पडला तरी प्रयोग थांबत नसे. मी पाचवीत असताना गावात बस येत नव्हती. हायस्कुलात जायचं तर पेडण्यापर्यंत चालत. अर्ज झाले, आश्वासनं झाली. शेवटी बाबांनी गावातले चाळीसेक लोक घेतले आणि हमरस्त्याच्या तिठ्यावर बसले. बायका पेज घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सगळ्यांना उचलून पेडण्याला नेलं, संध्याकाळी सोडलं. महिन्याभरात बस आली. त्याच बसमधून मी हायस्कुलात गेले, पुढे कॉलेजात गेले, शिक्षिका झाले. कंडक्टर बाबांची मुलगी म्हणून मला ओळखून म्हणायचा, “दत्तारामाचा चेडू मा तू? बस, बस.” मी खिडकीशी बसायची. आता वाटतं, बाबांनी रस्त्यावर बसून मिळवलेल्या जागेवर मी आयुष्यभर आरामात बसले.

मग माझी पिढी. आम्ही अर्ज लिहिले. सुंदर अक्षरात, महोदय, सविनय, आपला विश्वासू. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आणि ती जपून ठेवली. नोकऱ्या होत्या, बदल्या होत्या, मुलांच्या फी होत्या. भित्रे होतो असं म्हणणार नाही मी, सांभाळून वागणारे होतो. पण दोन्हीमधलं अंतर फार नसतं, हे मला चार वर्षांपूर्वीच्या काजूच्या हंगामात कळलं.

त्या वर्षी रेवा तेवीस वर्षांची होती. भूगोल शिकून झाला होता, नोकरी शोधत होती आणि तोवर आजोबांकडे पार्शाला राहत होती. फेब्रुवारीत गावात बातमी आली, की आपला डोंगर विकला गेला. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि भाटकाराचे वारस मुंबईत. त्यांनी ती एका बाहेरच्या कंपनीला दिली. तिथे उतार कापून बंगले होणार होते, प्रत्येक बंगल्याला पोहण्याचा तलाव. काजूची झाडं आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली, पण कागदावर त्यांचं काही नव्हतं. पायथ्याची झर तर कागदावर मुळी नव्हतीच.

मी दर रविवारी बोंडू गोळा करायला माहेरी जात असे. एका रविवारी सोप्यावर पाऊल ठेवलं तर आजा-नातीची जुंपलेली. रेवाच्या मांडीवर लॅपटॉप, त्यात डोंगराचा नकाशा. बाबा आरामकदेलीत ताठ बसलेले.

“मोर्चो कधी काढतलीस, तेवढा सांग,” बाबा म्हणाले.

“आजो, मोर्चानं काही होत नाही. लोक येतात, फोटो काढतात, घरी जातात. आपण हरकती घालूया. घराघरातून, प्रत्येकाची वेगळी. आणि हे बघ, यांच्या नकाशात झरच नाही.”

“झर नाय? मी सत्तर वर्सां तिचा पाणी पितंय!”

“तू पितोस रे. कागद पीत नाही ना.”

बाबांनी वाकून नकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, “बरां. आणि तुमचो पुढारी कोण?”

“कोणी नाही. आमचा ग्रुप आहे.”

“पुढारी नाय म्हणजे मार खावचो कोणी?”

रेवाला हसू आलं, पण बाबा हसत नव्हते. त्यांच्या काळात पुढारी म्हणजे भाषण करणारा नव्हे, पहिला मार खाणारा. रेवाचा समज वेगळा होता. तिने लहानपणापासून पाहिलेले पुढारी शेवटी दुसऱ्या पक्षात जाणारे होते. मी दोघांच्या मध्ये चहाचा ट्रे धरून उभी होते, आणि दोघांनाही माझं मत विचारावंसं वाटलं नाही, हे मला बोचलं. मग आठवलं, की मत असतं तर मी न विचारता सांगितलं असतं.

पुढच्या आठवड्यात रेवाने आजोबांना झरीवर नेलं आणि त्यांचा व्हिडिओ काढला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. झरीच्या काठावर उभं राहून ते अर्धा तास बोलले. गावच्या देवापासून सुरुवात केली, पूर्वजांवर आले, मग भाटकारावर, मग सरकारवर. राजाचा आवाज लावला. शेवटी घसा सुकला म्हणून वाकून ओंजळभर पाणी प्यायले, ओल्या हाताने तोंड पुसलं आणि म्हणाले, “गोड आसा.” रेवाने अर्ध्या तासातलं फक्त तेवढंच ठेवलं. पाणी पिणं, तोंड पुसणं, गोड आसा. खाली एक ओळ लिहिली, की कंपनीच्या नकाशात ही झर नाही.

“माका कापलो!” बाबा मला फोनवर ओरडले. “माझा भाषण खंय गेला?” ते दोन दिवस रेवाशी बोलले नाहीत. जेवायला ती हाक मारायची आणि ते शेजारच्या माणसाला सांगावं तसं भिंतीला सांगायचे, “येतंय म्हणान सांग.”

तिसऱ्या दिवशी ते पेडण्याच्या बाजारात गेले. मासळीवालीने त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “तुमी झरीवाले आजो न्हय?” मग पाववाल्याने, मग बसमधल्या दोन कॉलेजच्या मुलींनी विचारलं. एक मुलगी तेरेखोलची होती. ती म्हणाली, “आमच्याकडेही असंच चाललंय, आजो.” बाबा घरी आले, चप्पल काढली आणि रेवाला म्हणाले, “तो तुझो तुकडो बरो झालो. पण भाषणय बरां होता.”

“खूप बरं होतं,” रेवा म्हणाली. “सगळं ठेवलंय मी, आजो. पुसलेलं नाही.”

सगळा गाव आमच्या बाजूने होता असं मात्र नाही. शेजारचा सोनू एका संध्याकाळी सोप्यावर येऊन बसला. त्याचा मुलगा म्हापशाला एका दुकानात उभा असतो, रोज दोन बस बदलून. “बंगले झाले तर तेका गावात काम मेळात,” सोनू म्हणाला. “तुमचा बरां आसा. तुमका झर होयी. माका चाकरी होयी.” आम्हाला झर हवी होती, त्याला मुलासाठी नोकरी. रेवाने त्याला खोटं उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. बाबांनीही भाषण केलं नाही. सोनूला आतून बोंडवांची परडी आणून दिली.

इकडे शाळेत मुख्याध्यापकांनी मला बाजूला बोलावून सांगितलं होतं, “बाई, तुमची मुलगी करते ते करू दे. तुम्ही फोटोत येऊ नका. वर कोण कुणाला ओळखतं, सांगता येत नाही.” त्यांनी आपुलकीनेच सांगितलं. मीही तेच पाळलं. झरीवर सभा झाली की मी स्वयंपाकघरात. फोन वर झाला की मी झाडामागे.

मग तो एप्रिलमधला रविवार. रविवारच निवडला होता कंपनीने, कचेऱ्या बंद असतात. सकाळचे साडेसात-आठ वाजले असतील. मी, रेवा आणि बाबा उतारावर होतो. बाल्द्या अर्ध्या भरलेल्या, उन्हात बोंडवांवर माश्या घोंगावत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने घरघर ऐकू आली. कच्च्या वाटेने एक जेसीबी वर चढत होता. आम्ही पोचेपर्यंत त्याने काजूची दोन झाडं पाडली होती. झाडांना बोंडू होते. ते मातीत सांडले, काही लोखंडी दातांत अडकले.

रेवाने फोन काढला. ग्रुपवर लिहिलं, पुन्हा लिहिलं, फोन वर धरून फिरली. डोंगराच्या त्या कुशीत रेंजच नव्हती. “आई, जातच नाहीये मेसेज,” ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम लहान झाला.

बाबा शेजारच्या कातळावर चढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, मी हात द्यायला गेले तर तो झिडकारला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी हाक मारली. “पार्शेकरांनो, डोंगर कापतत रे!” पुन्हा एकदा मारली, आणखी एकदा मारली. त्या सकाळी अर्धा गाव काजूतच होता. उतारावरच्या झाडांमधून उलट हाका आल्या. मग माणसं दिसू लागली. हातात खिळ्याच्या काठ्या, कमरेला ओढणी बांधलेल्या बायका, रसाने डागाळलेले शर्ट. रेवाच्या ग्रुपमधली मुलंही त्यांच्यातच होती, आपापल्या आईबरोबर. आणि सगळ्यांच्या शेवटी सोनू.

बाबा जेसीबीसमोर जाऊन खाली मांडी घालून बसले. मशीन थांबलं. चालवणारा मुलगा पंचवीसेक वर्षांचा, बेळगावकडचा. तो खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, “आजोबा, माझा काय दोष हाय ह्यात? सांगितलंय तेवढं करतोय मी.”

“तुझो दोष कोण म्हणता?” बाबा म्हणाले. “बस हय. घाम बघ केदो इलो तुका. बाय, तेका नीरो दी.”

मी झाडाखाली ठेवलेल्या माठातला नीरो त्याला पेल्यात ओतून दिला. तो उभ्यानेच प्यायला. रेवाने फोन त्याच्या तोंडावर धरला होता. तेव्हा बाबा तिच्याकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. “चेडवा, तेचा तोंड दाखव नको. तेची भाकरी जायत. तोंड दाखवचा तर आपला दाखवचा.”

रेवाने फोन खाली घेतला. पुसलं, जे घेतलं होतं ते. मग तिने पाडलेल्या झाडांकडे फोन वळवला, मुळांकडे, मातीत सांडलेल्या बोंडवांकडे, आणि शेवटी स्वतःकडे वळवून आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, काय घडलं ते सांगितलं. भाषण नाही, ओरडणं नाही. आजोबांचं म्हणणं तिने आपल्या पद्धतीने उचललं होतं.

थोड्या वेळाने गाडीतून कंपनीचा देखरेख करणारा माणूस आला. पांढरा शर्ट, हातात वही. “तुमचा लीडर कोण?” त्याने विचारलं. “नाव सांगा. काम अडवल्याबद्दल तक्रार होणार.”

बाबा उठायला लागले. उठताना त्यांचा गुडघा लचकला, ते पुन्हा बसले. रेवा म्हणाली, “आमचा लीडर नाही.”

“नाही म्हणजे? कुणाचं तरी नाव लागेल मला.”

मला माहीत आहे, की मी धीट बाई नाही. नीरो देऊन मी पुन्हा झाडामागे जाऊन उभी राहिले होते, माझ्या सवयीच्या जागी. पण त्या माणसाच्या बोटांतलं पेन मला दिसलं, कागदावर टेकलेलं, वाट बघत असलेलं. बाबा खाली बसलेले दिसले. आणि वाटलं, की बाबा आणि रेवा, या दोघांपैकी कोणाचंही नाव तिथे एकटं लिहिलं जाऊ नये.

“माझं लिहा,” मी म्हणाले आणि पुढे आले. नाव सांगितलं, लग्नाआधीचं आणि नंतरचं. सुर्ल्याचा पत्ता सांगितला. शाळेचं नाव सांगितलं. शाळेचं नाव सांगताना आवाज कापला, म्हणून ते पुन्हा एकदा सांगितलं.

त्याने लिहिलं. मग माझ्या मागून एक बाई म्हणाली, “माझाय घाल.” तिच्यामागून दुसरी, मग रेवा, मग ग्रुपमधली मुलं. बाबा बसल्या जागेवरून स्वतःचं नाव सांगत होते, तेही वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट. सोनू पुढे आला आणि म्हणाला, “माका चाकरी होयी, ताय लिव. आणि नावय लिव.” लोक हसले. त्या माणसाने आणखी दहाबारा नावं लिहिली, पान उलटलं, समोरची रांग बघितली आणि वही मिटली. दुपारच्या आत जेसीबी डोंगर उतरला. जाताना चालवणाऱ्या मुलाने बाबांकडे बघून हात वर केला.

पुढचं काम कागदांचं होतं आणि ते रेवाने केलं. प्रत्येक झाड नकाशावर आलं, प्रत्येक घरातून हरकत गेली. हरकतींची भाषा मी तपासली. अर्ज लिहिण्यात गेलेलं आयुष्य अगदीच वाया गेलं नव्हतं. ग्रामसभेने एकमताने ठराव केला. वरच्या कचेरीतून एक अधिकारी पाहणीला आला. रेवाने त्याला झरीपाशी नेलं, कागद दाखवले. बाबा बोलायला उत्सुक होते, पण त्यांनी फक्त पेला भरून पुढे केला. पावसाळ्यापूर्वी परवानगी स्थगित झाली. कायमची नाही, पुढील आदेशापर्यंत. रेवा म्हणते, की पुढील आदेश येईल तेव्हा पुढची हरकत तयार असेल.

शाळेने माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी तो सुंदर अक्षरात लिहिला. सविनय लिहिलं, पण दिलगिरी लिहिली नाही. तो फाइलला लागला आणि तिथेच राहिला.

त्या रविवारी संध्याकाळी मी सुर्ल्याला परतले, तेव्हा घाबरलेली होते. विश्वास अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. शाळेचं नाव दिल्याचंही सांगितलं. ते पाणी घालत राहिले. बाल्दी रिकामी झाली तेव्हा म्हणाले, “बरं केलंस.” आणि मग, बाल्दी पालथी घालून, “इथे सुर्ल्यात कोणीतरी केव्हाच द्यायला हवं होतं नाव.”

आज बाबा ब्याऐंशीचे आहेत. डोंगरावर जात नाहीत, सोप्यावरून बोंडवांची प्रतवारी करतात आणि इतरांच्या चुका काढतात. रेवा आता सर्वेक्षणाच्या कामात आहे, दर आठवड्याला दुसऱ्या कोणत्या तरी गावात असते. दोघांचं अजून पटत नाही. बाबांच्या मते फोन बघून कोणी तुरुंगात जायला तयार होत नाही. रेवाच्या मते कुणाला तुरुंगात जावं लागू नये, हेच तर काम आहे. मला दोघांचंही पटतं. पूर्वी याची मला लाज वाटायची, आता नाही वाटत.

यंदा सुर्ल्यात ट्रक पुन्हा वाढले. मुलं शाळेत जातात त्याच वेळी रस्ता भरलेला असतो. गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेला मी आणि विश्वास शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांच्या नोकरीची अजून दोन वर्षं बाकी आहेत. गटाराचा विषय झाला, दिव्यांचा झाला. सरपंचांनी विचारलं, आणखी कोणाला काही? आणि माझ्या बाजूला एक हात वर गेला. तीस वर्षं काट्यावर वजन लिहिणारा तो हात मी इतका उंच कधी बघितला नव्हता.

विश्वास उभे राहिले. म्हणाले, “मी काट्यावर आहे, सगळ्यांना माहीत आहे. सकाळी शाळेच्या वेळेला तासभर ट्रक थांबवले तर काम अडत नाही. हिशेब करून बघितलाय मी.” एवढं बोलून ते खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी फोन वर धरला नव्हता. मागच्या रांगेतला एक ट्रकवाला म्हणाला, “तासभर चालेल आम्हाला.” ते ठराव म्हणून लिहून घेतलं गेलं.

घरी आलो. मी चहा टाकला. त्यांनी दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायले.

आता रोज सकाळी त्या एका तासात मी शाळेला निघते. रस्ता रिकामा असतो. मुलं त्याच्या मधोमध चालतात, दप्तरं हलवत, एकमेकांना ढकलत, मोठमोठ्याने बोलत. या रस्त्यावर त्यांचे आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकते आहे.